प्ले बिलिंग लायब्ररी चौथ्या आवृत्तीवरून आठव्या आवृत्तीवर नेताना काय बदलावे आणि काय जपावे?

आपला प्रश्न मी असा समजतो: यंत्रमाग कारखान्यातील मजुरीचा हिशेब ठेवणारे आपले अँड्रॉइड अ‍ॅप गूगल प्ले बिलिंग लायब्ररीच्या (ग्राहकांकडून गूगलमार्फत पैसे घेण्यासाठीच्या तयार कोडच्या) चौथ्या आवृत्तीवर आहे, नवे बंडल (प्ले स्टोअरवर चढवायची फाइल) प्ले कन्सोल (प्रकाशनासाठीचे गूगलचे संकेतस्थळ) स्वीकारत नाही, ग्रेडल फाइलमध्ये (बांधणीच्या सूचना असलेल्या फाइलमध्ये) नुसता आकडा बदलला तर कोड कंपाइल होत नाही, आणि जुन्या ग्राहकांनी भरलेले पैसे या बदलात अडकतील की काय अशी आपल्याला धास्ती आहे. मी सोलापुरातच स्पर्धा परीक्षांच्या सरावाच्या एका अ‍ॅपचे काम पाहतो. त्यातही मासिक आणि वार्षिक सबस्क्रिप्शन असल्यामुळे हे स्थलांतर आम्हाला करावे लागले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी धास्तीविषयी. खरेदीची नोंद लायब्ररीत नसते. ती ग्राहकाच्या गूगल खात्याशी आणि आपल्या अ‍ॅपच्या पॅकेज नावाशी (म्हणजे त्याच्या एकमेव ओळखीशी) जोडून गूगलच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे पॅकेजचे नाव आणि प्रॉडक्ट आयडी (विकायच्या प्रत्येक उत्पादनाचे कन्सोलमधील ओळखनाव) जसेच्या तसे राहिले तर चौथ्या आवृत्तीतून घेतलेले वार्षिक सबस्क्रिप्शन आठव्या आवृत्तीलाही तितकेच स्पष्ट दिसते. याच कारणास्तव, स्थलांतराच्या निमित्ताने जुने, ओबडधोबड वाटणारे प्रॉडक्ट आयडी बदलून नीटनेटके करण्याचा मोह कृपया टाळावा.

मुदतीचा नियम असा आहे की प्रत्येक मुख्य आवृत्तीला साधारण दोन वर्षांचे आयुष्य मिळते. ३१ ऑगस्ट २०२५ नंतर नव्या अ‍ॅपसाठी आणि जुन्या अ‍ॅपच्या अद्यतनांसाठी सातवी किंवा त्यापुढची आवृत्ती बंधनकारक झाली, आणि सातवीची मुदत ३१ ऑगस्ट २०२६ ही आहे. दोन्ही वेळी अर्ज केल्यास १ नोव्हेंबरपर्यंत सवलत मिळण्याची सोय ठेवलेली आहे. आधीच लोकांच्या फोनवर असलेले अ‍ॅप या नियमामुळे बंद पडत नाही. अडते ते फक्त नवे बंडल. म्हणून घाईने सातवीवर थांबून लवकरच तोच व्याप पुन्हा करण्यापेक्षा थेट आठवी गाठावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र कोडमधला प्रवास दोन टप्प्यांत करावा. स्कू-डिटेल्स (विकायच्या उत्पादनाचे नाव, किंमत वगैरे तपशील) मागवण्याची जुनी पद्धत पाचव्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली, तरी सातवीपर्यंत ती लायब्ररीत शिल्लक होती. आठवीतून ती पूर्णपणे काढून टाकली आहे. त्यामुळे गिटच्या (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) वेगळ्या शाखेवर आधी सातवी बसवली तर त्रुटी कमी येतात, बहुतेक ठिकाणी केवळ इशारे दिसतात आणि एकेक इशारा मिटवत असताना अ‍ॅप चालवून पाहता येते. सगळे इशारे संपले की आठवीवर जाणे अर्ध्या दिवसाचे काम उरते. सातवीचे हे बंडल ग्राहकांना द्यायचे नाही. ते फक्त आपल्या कामापुरते.

सर्वांत जास्त वेळ जिथे जातो तो भाग म्हणजे स्कू-डिटेल्सच्या जागी आलेले प्रॉडक्ट-डिटेल्स. हा नुसता नावातला बदल आहे असे समजून शोधा-आणि-बदला केले, तर कोड कंपाइल होईल पण विक्री चुकेल. चौथ्या आवृत्तीत मासिक आणि वार्षिक ही दोन स्वतंत्र उत्पादने असत आणि प्रत्येकाला एकच किंमत असे. पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे मे २०२२ पासून, एका सबस्क्रिप्शनखाली अनेक बेस प्लॅन (मासिक, वार्षिक असे पर्याय) असू शकतात, प्रत्येक बेस प्लॅनखाली अनेक ऑफर (मोफत चाचणीसारख्या सवलती) असू शकतात आणि प्रत्येक ऑफरमध्ये किमतीचे एकाहून अधिक टप्पे असू शकतात. खरेदीची खिडकी उघडताना यांपैकी नेमकी कोणती ऑफर हवी, हे तिचे ऑफर टोकन (तिची ओळख सांगणारी अक्षरमाला) देऊन सांगावे लागते. अनेकांच्या कोडमध्ये यादीतील पहिली ऑफर डोळे झाकून उचललेली दिसते. ग्राहक मोफत चाचणीला पात्र असेल तर एक यादी येते, नसेल तर दुसरी येते, त्यामुळे पहिली जागा भरवशाची नाही. बेस प्लॅनचा आयडी आणि ऑफरचा आयडी तपासूनच टोकन निवडावे. किंमत दाखवतानाही हीच दक्षता घ्यावी. मोफत चाचणी असलेल्या ऑफरचा पहिला टप्पा शून्य रुपयांचा असतो, आणि तोच आकडा बटनावर छापला तर कारखानदाराला अ‍ॅप कायमचे फुकट वाटते; पहिला हप्ता कापला गेला की तक्रार आपल्याकडे येते. चाचणीचा कालावधी आणि त्यानंतरची किंमत ही दोन्ही एकाच ओळीत दिसली पाहिजेत.

आपल्या जुन्या सबस्क्रिप्शनचे या नव्या रचनेत रूपांतर गूगलने कन्सोलमध्ये आधीच केलेले आहे, त्यामुळे तिथे नव्याने उत्पादने बनवण्याची गरज नाही. तिथल्या एका बेस प्लॅनवर जुन्या लायब्ररीशी सुसंगत असल्याची खूण असते. ती खूण हलवू नये. ज्या मुनिमजींनी वर्षभर अ‍ॅप अद्ययावत केलेले नाही, त्यांच्या फोनवरील जुन्या आवृत्तीला फक्त तोच प्लॅन दिसतो, आणि खूण काढली तर त्यांच्या पडद्यावर विकत घेण्यासारखे काहीच उरत नाही.

आठवीत प्रॉडक्ट-डिटेल्सच्या चौकशीच्या उत्तराचे स्वरूपही बदलले आहे. पूर्वी लिसनरला (उत्तर आले की चालणाऱ्या आपल्या कोडला) थेट यादी मिळत असे. आता एक निकाल मिळतो, ज्यात सापडलेली उत्पादने आणि न सापडलेली उत्पादने वेगवेगळी असतात. ही सुधारणा मला मनापासून आवडली, कारण पूर्वी एखादे उत्पादन का दिसत नाही हे शोधण्यात अख्खी दुपार जात असे. सबस्क्रिप्शन आणि एकदाच होणारी खरेदी यांची चौकशी मात्र एकाच मागणीत मिसळता येत नाही. आपला अहवालांचा संच एकरकमी विकला जात असेल तर त्याची मागणी स्वतंत्र करावी.

आता पैशांकडे. खरेदी झाल्यावर अ‍ॅपने किंवा आपल्या सर्व्हरने गूगलला तिची पोच द्यावी लागते. तीन दिवसांत पोच गेली नाही तर खरेदी रद्द होऊन ग्राहकाला पैसे परत जातात. हा नियम २०१९ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून आहे, म्हणून आपल्या कोडमध्ये पोच देण्याची ओळ बहुधा असेलच. तरीही स्थलांतरात ती कोठे जाते यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे. विशेषतः खरेदीची नोंद आपल्या सर्व्हरवर जतन झाल्यानंतर पोच द्यावी, आधी नव्हे. आधी पोच दिली आणि नोंद राहून गेली, तर पैसे आपल्याकडे येतात आणि ग्राहकाला सेवा मिळत नाही. उलट क्रमाने गडबड झाली तर निदान त्याचे पैसे त्याला परत मिळतात.

आपल्याकडे यूपीआयमुळे प्रलंबित खरेदी हा विषय कागदावर राहत नाही. ग्राहक खरेदीची खिडकी उघडतो, यूपीआयची विनंती त्याच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाते, तेवढ्यात नेटवर्क जाते किंवा मागांच्या खडखडाटात त्याला कोणीतरी हाक मारते, आणि मंजुरी तासाभराने दिली जाते. तोवर ती खरेदी प्रलंबित स्थितीत असते. अशा खरेदीवर सेवा सुरू करू नये, पोचही देऊ नये, फक्त ‘पैसे पोहोचण्याची वाट पाहत आहोत’ असा स्वच्छ संदेश दाखवावा. पोचेची तीन दिवसांची मुदत ती खरेदी पूर्ण झाल्यापासूनच मोजली जाते. कोडमध्ये प्रलंबित खरेदी चालू करण्याची बिनपॅरामीटरची जुनी पद्धत आठवीत काढून टाकली आहे. तिच्या जागी प्रलंबित खरेदीचे पॅरामीटर बांधून द्यावे लागतात आणि त्यात एकदाच होणाऱ्या खरेदीसाठीची मुभा स्पष्टपणे नोंदवावी लागते.

खरेदी पूर्ण होते तेव्हा अ‍ॅप उघडे असेलच असे नाही. म्हणून केवळ खरेदीच्या लिसनरवर विसंबून न राहता, अ‍ॅप पुढे येईल त्या प्रत्येक वेळी क्वेरी-पर्चेसेस-असिंक ही ग्राहकाच्या चालू खरेद्या विचारणारी मागणी करावी, आणि तिच्यातून आलेली प्रत्येक खरेदी लिसनरमधून आलेल्या खरेदीच्याच वाटेने न्यावी. स्थिती पूर्ण आहे का, नोंद झाली आहे का, पोच गेली आहे का, हे तीन प्रश्न विचारणारे एकच फंक्शन दोन्हीकडून बोलवावे. हे नीट झाले की ‘पैसे गेले पण अ‍ॅप चालू झाले नाही’ या प्रकारचे फोन जवळजवळ थांबतात.

चौथ्या आवृत्तीत खरेदीचा जुना इतिहास विचारण्याची सोय होती. आठवीत तीही नाही. वर सांगितलेल्या क्वेरी-पर्चेसेस-असिंक मागणीत फक्त सक्रिय सबस्क्रिप्शन आणि न वापरलेल्या एकरकमी खरेद्या मिळतात. गेल्या वर्षी सबस्क्रिप्शन घेऊन सोडून गेलेल्या ग्राहकाला सवलत द्यायची असेल, तर ती माहिती आपल्या सर्व्हरवर साठवलेली असायला हवी.

इथे एक गोष्ट आपल्या विशिष्ट अ‍ॅपसाठी सांगतो, कारण कारखान्यांत ती हटकून घडते. पैसे मालकाच्या फोनवरून, मालकाच्या गूगल खात्यातून जातात आणि अ‍ॅप वापरतात मुनिमजी, त्यांच्या फोनवर आणि त्यांच्या खात्याने. लायब्ररी मुनिमजींच्या फोनवर विचारणा करील तेव्हा तिला काहीही सापडणार नाही, आणि ते बरोबरच आहे. यावर उपाय असा की खरेदी सुरू करताना ऑब्फस्केटेड अकाउंट आयडी (ग्राहकाची ओळख उघड न करणारी आपल्याकडील खात्याची खूण) द्यावा, खरेदीचे टोकन (गूगलने त्या खरेदीला दिलेली ओळख) सर्व्हरवर पडताळून त्या कारखान्याच्या आपल्याकडील खात्याला जोडावे आणि मुनिमजींना सेवा त्या खात्यावरून द्यावी. त्या आयडीत मालकाचा मोबाइल क्रमांक किंवा ईमेल घालू नये. नियमाने तशी ओळख पटवणारी माहिती तिथे चालत नाही. आपल्या डेटाबेसमधील क्रमांकाचा हॅश (त्यापासून बनवलेली सांकेतिक अक्षरमाला) पुरेसा असतो, आणि त्याची लांबी ६४ अक्षरांच्या आत ठेवावी.

मासिक प्लॅनवरून वार्षिकवर जाण्याची सोय दिली असेल तर प्लॅन बदलताना आधी भरलेल्या पैशांचा मेळ कसा घालायचा हे सांगणारा तिथला प्रोरेशन मोड गेला आणि त्याच्या जागी रिप्लेसमेंट मोड आला, एवढा बदल करावा. जुन्या खरेदीचे टोकन पूर्वीप्रमाणेच द्यावे लागते. बिलिंग सेवेशी तुटलेली जोडणी पुन्हा जोडण्याचा स्वतः लिहिलेला कोड आठवीत काढून टाकता येतो, कारण आता बिलिंगची जोडणी तयार करणाऱ्या बिल्डरमध्ये एक पर्याय चालू केला की लायब्ररी ते काम आपणहून करते. जुने प्ले स्टोअर असलेल्या फोनवर प्रॉडक्ट-डिटेल्सची सुविधा उपलब्ध नसल्याचे उत्तर येऊ शकते. तिथे अ‍ॅप कोसळू न देता प्ले स्टोअर अद्ययावत करण्यास सांगावे. अ‍ॅप फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह यांसारख्या तयार चौकटीत लिहिलेले असते तर यातील बराचसा भाग प्लगइनची आवृत्ती वाढवून सुटला असता. सगळे करूनही कन्सोल बंडल नाकारत असेल तर ग्रेडलचा अवलंबित्व-वृक्ष (कोणती लायब्ररी कोणती दुसरी लायब्ररी आणते याची यादी) छापून पाहावा. एखादी तिसरीच लायब्ररी जुने बिलिंग आत ओढून आणत असण्याची शक्यता असते.

चाचणीसाठी कन्सोलमध्ये आपली खाती लायसन्स टेस्टर म्हणून नोंदवावीत. त्यांच्यासाठी मासिक सबस्क्रिप्शन दर पाच मिनिटांनी नूतनीकृत होते आणि पोच न दिलेली खरेदी तीन दिवसांऐवजी तीन मिनिटांत परत जाते, त्यामुळे पोचेचा मार्ग तुटला असेल तर चहा संपायच्या आत कळते. चाचणीच्या कार्डांमध्ये काही मिनिटांनी मंजूर होणारे आणि काही मिनिटांनी नाकारले जाणारे, अशी दोन संथ कार्डे असतात; यूपीआयच्या विलंबाची नक्कल करायला ती उत्तम आहेत. संथ कार्डाने खरेदी सुरू करावी, अ‍ॅप पूर्ण बंद करावे आणि मंजुरीनंतर ते उघडून पाहावे. आणखी एक चाचणी अनेकजण विसरतात: प्ले स्टोअरमधील चालू आवृत्तीतून खरेदी करून त्याच फोनवर नवी आवृत्ती चढवावी आणि सेवा अखंड राहते का ते पाहावे. आपल्या मूळ धास्तीचे खरे उत्तर याच चाचणीत मिळेल.

प्रकाशन टप्प्याटप्प्याने करावे, सुरुवातीला थोड्याच टक्के ग्राहकांना. मजुरी वाटपाच्या आदल्या दिवशी किंवा गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत, जेव्हा आपल्याकडे फोन उचलायला कोणी नसेल, तेव्हा प्रकाशन करू नये. पहिले तीन दिवस कन्सोलमधील ऑर्डरची यादी रोज उघडून परताव्यांकडे पाहावे. ग्राहकाने न मागता परतावे दिसू लागले तर पोच जात नाही असे समजून प्रकाशन लगेच थांबवावे, आणि तीन दिवस यादी स्वच्छ राहिली तरच टक्का वाढवावा.