'देवाचा कोप' आणि 'देवाचा न्याय'

प्रश्न असा आला आहे: भूकंप, पूर, दुष्काळ आला की चर्चमधल्या प्रवचनात 'हा देवाचा न्याय' असे ऐकू येते, एरवी आपण 'देवाचा कोप' म्हणतो. बायबलमध्ये हे दोन्ही एकच आहेत का? आणि एखाद्या आपत्तीला 'न्याय' म्हणावे का?

एकच नाहीत. मराठी बायबलमधल्या 'न्याय'मागे जुन्या करारात (बायबलच्या पहिल्या भागात) बहुधा हिब्रू 'मिश्पाट' असतो. त्याचे मूळ 'शाफट', म्हणजे निवाडा करणे आणि कारभार पाहणेही. 'शास्ते' या पुस्तकाचे हिब्रू नाव याच धातूचे. विधवेला न्याय मिळाला, असे आपण म्हणतो तेव्हा तिची सुटका आधी डोळ्यांपुढे येते, समोरच्याची शिक्षा नंतर. मिश्पाटचा रोखही तसाच आहे. 96 व्या स्तोत्रात परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतो म्हणून समुद्र गर्जतो, शेते उल्हासतात, रानातली झाडे आनंदाने गातात. न्याय म्हणजे नुसता दंड असता तर ती गायली असती का?

कोपासाठी हिब्रूत एक शब्द 'अफ', मूळ अर्थ नाक. नाकाच्या शेंड्यावर राग असतो असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच कळावे! 'मंदक्रोध' या विशेषणाच्या जागीही हिब्रूत 'लांब नाकाचा' असेच आहे. मात्र नवस फेडायचा राहिला म्हणून दैवत कोपते, ही मराठी 'कोपा'ची छटा तिकडे लावू नये. संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणारे, कोपाचे कारण म्हणून बहुतेकदा मूर्तिपूजा आणि गरिबांची पिळवणूक सांगतात.

आपत्तीला न्याय म्हटलेली ठिकाणे आहेत, हे नाकारता येत नाही. मिसरावरच्या (इजिप्तवरच्या) पीडांना निर्गम या पुस्तकात 'शेफातीम' म्हटले आहे, तेही 'शाफट'चेच रूप. पण तिथे मोशे आधी फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहतो, मागणी सांगतो, इशारा देतो, आणि शेवट गुलामांच्या सुटकेत होतो. आमोस हा संदेष्टा तर थेट विचारतो, की नगरावर विपत्ती आली तर ती परमेश्वराने आणली नसेल काय? हे वाक्य आपत्तीनंतर नेहमी उद्धृत होते. लगेच पुढचे वाक्य मात्र गळते: आपल्या सेवकांना, संदेष्ट्यांना कळवल्याशिवाय परमेश्वर काही करत नाही. आणि आमोसाचा आरोप नेमका आहे: गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकता, तराजूत खोट करता. याच आमोसाला मिश्पाट पाण्यासारखा वाहायला हवा आहे.

म्हणून इशारा नाही, आरोप नाही, आणि मेलेल्यांत गरिबांची पोरेबाळे, अशा भूकंपाला 'न्याय' म्हणणे मला शब्दाचा गैरवापर वाटतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात हा प्रश्न येशूपुढेच येतो. पिलात या रोमी सुभेदाराने काही गालीलकरांना यज्ञ करतानाच मारले होते. येशू स्वतःहून शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या 18 जणांची आठवण काढतो. आपल्याकडे 'आस्मानी-सुलतानी' म्हणतात, तशी ही जोडी. हे लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते का? येशूचे उत्तर दोन्ही वेळा 'नाही' असेच आहे. लगेच तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो, म्हणजे बोट मेलेल्यांकडून जिवंतांकडे वळते. जुन्या करारातल्या नीतिमान ईयोबाची मुले वादळात घर कोसळून जातात, मित्र त्याच्याच पापाचा हिशोब मांडतात, आणि शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर होतो.

तेव्हा लिहिताना आपत्ती, विपत्ती, अरिष्ट हे शब्द घ्यावेत. नोहाच्या प्रसंगासाठी 'जलप्रलय' रूढ आहे, तो ठेवावा; पण तो प्रलय पुन्हा येणार नाही असा करार उत्पत्तीच्या 9 व्या अध्यायात आहे, म्हणून पावसाळ्यातल्या पुराला नोहाची उपमा देऊन 'न्याय' म्हणणेही बसत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायातल्या भूकंपांबद्दल विचाराल, तर तिथे ग्रीक शब्द प्रसूतीच्या कळांचा आहे, निवाड्याचा नाही.