‘इतर’ म्हणजे नक्की काय?

रत्नागिरीतल्या एका शोरूममध्ये बिलिंगच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली. गाडीखरेदीची पत्रं संपादक माझ्याकडे पाठवतात ते त्यामुळेच. या वेळी तीन घेतली आहेत.

ताई, नमस्कार. आमची देवगडला हापूसची बाग आहे. गाडी बघायला बागेतून तसाच, मातीच्या चपलांनी शोरूमला गेलो. ‘गाडी बघूक इलंय’ म्हटलं, तर तिथला मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, ‘ब्रोशर तिकडे आहे.’ आठवड्याने मुंबईहून माझा मुलगा आला. त्याच्याबरोबर गेलो तर शोरूममधल्या त्याच पोराने थंड पाणी आणलं, कॉफी विचारली. राग गिळला. कोटेशन असं: एक्स-शोरूम ७,४२,०००, विमा ४१,०००, आरटीओ ९२,५००, ॲक्सेसरीज २४,०००, इतर ८,५००. एकूण ९,०८,०००. ‘इतर’ म्हणजे काय विचारलं, तर ‘सगळ्यांनाच लागतं, काका.’ घासाघीस मला जमत नाही. आंब्याची पेटी विकतानाही मी एकच दर सांगतो. हे पैसे द्यावेत का? गाडी बाराशे सीसीच्या आतली, पेट्रोलवरची आहे. कर्ज काढणार आहे.
– एक बागायतदार, देवगड

काका, त्या ८,५०० पासूनच सुरुवात करते, कारण ती ओळ मी स्वतः शेकडो बिलांवर टाइप केली आहे. कधी ‘हँडलिंग’, कधी ‘लॉजिस्टिक’, कधी नुसतं ‘इतर’. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट कंपनीच देते, तिचे पैसेही त्याच किमतीत आले. फास्टॅगचे काही शे रुपये सोडले, तर त्या ओळीत उरतं काय? एकदा राजापूरकडच्या एका आजींनी बिलावर बोट ठेवून विचारलं, ‘हे कसले गं, बाय?’ मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी मॅनेजरना विचारलं, तर ते म्हणाले, ‘कुणी विचारलं तर काढून टाक, नाही विचारलं तर राहू दे.’ ते वाक्य आजही मला टोचतं. म्हणून सांगते, विचारा. ज्या खर्चाला नाव नाही आणि पावती नाही, तो देऊ नका.

आरटीओचा आकडा घरीच ताडून बघता येतो. आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या, वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के. तुमच्या गाडीला तो ८१,६२० होतो. वर उपकर, नोंदणी फी, स्मार्ट कार्ड, कर्जाचा बोजा चढवण्याची फी धरा. तरी आकडा साडेपंच्याऐंशी-शह्याऐंशी हजारांच्या पुढे जाऊ नये. ९२,५०० कशाचे, ते लिहून मागा आणि शेवटी परिवहन विभागाची पावती जेवढ्याची असेल तेवढेच द्या.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. नवीन गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, विमा तीन वर्षांचा लागतो. १००० ते १५०० सीसीसाठी त्याचा हप्ता १०,६४० रुपये अधिक जीएसटी, आणि तो कुठेही गेलात तरी तोच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि वर जोडलेल्या गोष्टींत. बाहेरून दोन ठिकाणचे आकडे घ्या, पण गाडीची धरलेली किंमत म्हणजे आयडीव्ही आणि झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई, तिन्हीकडे सारखं आहे ना, ते बघा. आयडीव्ही कमी धरून हप्ता स्वस्त दाखवणारेही भेटतात.

ॲक्सेसरीजमधल्या प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी मागा. तुम्ही समुद्राजवळ राहता, म्हणून गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप हवा असेल तर तो ठेवा. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला खातोच. मात्र लेप देताना पाणी निचरायची भोकं बुजवू नका म्हणून वर्कशॉपमध्ये उभं राहून सांगा. सीटकव्हर, मॅट, क्रोमच्या पट्ट्या बाहेर कमी पैशांत मिळतात.

आणि काका, याला घासाघीस म्हणूच नका. वाशीच्या बाजारातून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, येते तेव्हा भाडं, हमाली, एकेक वजावट तुम्ही वाचता ना? एखादी कळली नाही तर दलालाला फोन करता. हे तेच आहे.

त्या मुलाच्या वागण्याचं मात्र वाईट वाटलं. त्याच्या मॅनेजरना हे जरूर सांगा, शांतपणे, त्याच्यासमोर. तुमच्या बागेतली माती ही लाज वाटण्याची गोष्ट नाही.

मॅडम, मी रत्नागिरीत सेल्समध्ये आहे, वय २६. एका गिऱ्हाइकाने तीन वेळा टेस्ट ड्राइव्ह घेतली, एकदा तर हातखंब्यापर्यंत. चार वेळा कोटेशन बदलून दिलं. शेवटी चार हजार कमी पडले म्हणून आंबा घाट चढून कोल्हापुरात गाडी घेतली. आता सर्व्हिसिंगला आमच्याकडे येतात आणि मला ‘ए’ म्हणून हाक मारतात. पगार थोडा, बाकी सगळं इन्सेंटिव्हवर. लोकांना आम्ही चोरच वाटतो का?
– एक सेल्समन

नाही रे. पण तुझ्या इन्सेंटिव्हचं गणित लोकांना माहीत नाही, ते इथे लिहिते. गाडीच्या किमतीत डीलरला सुटतं थोडंच. कमाई विम्यात, कर्जात, ॲक्सेसरीजमध्ये असते, आणि महिनाअखेरीचं टार्गेटही तिथलंच असतं. म्हणून तुझ्यासारखा पोरगा सीटकव्हरचा आग्रह धरतो. वाचकहो, त्याला नाही म्हणा, पण माणसासारखं म्हणा. दुसरीकडेही भाव बघत असाल तर पहिल्याच दिवशी सांगा. आणि ‘ए’ कशासाठी? त्याला नाव आहे, शर्टावर लावलेलं असतं.

आता तुझ्यासाठी. कोल्हापुरात गाड्या जास्त खपतात, तिथे चार हजार सोडणं त्यांना जमतं. तो राग सर्व्हिसिंगला काढू नकोस. गाडी कुठूनही घेतलेली असो, वॉरंटी आणि फ्री सर्व्हिस तुमच्या वर्कशॉपने द्यायलाच हवी. ‘ऑफर आजच संपते’ हे खरं असेल तरच म्हण. आमच्याकडे एक जुने सेल्समन होते. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात गेल्या की मिरकरवाडा बंदरातली मच्छीमार माणसं गाडी बघायला येत. हे काउंटरमागून उठून त्यांच्या शेजारी बसत आणि कोऱ्या कागदावर पेन्सिलीने एकेक रक्कम कशाची ते लिहून दाखवत. कोणी पिशवीतून रोकड आणली, तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हे आधीच समजावून बँकेत सोबत जात. त्यांनी विकलेल्या गाडीच्या ‘इतर’वरून वाद झालेला मला आठवत नाही. कारण कागदावर ती ओळच नसायची.

दसऱ्याला गाडी घेतली. आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, आली तेव्हा कळलं, गाडी जानेवारीत बनलेली आहे. शोरूम म्हणतं, ‘गाडी नवीच आहे.’ काय करू? गाडी साडेआठ लाखांची आहे.
– एक वाचक, गुहागर

नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळणं कठीण, पण नऊ महिने यार्डात उभी होती हे तुमच्यापासून लपवलं असेल तर भरपाई मागा. बॅटरी आणि टायर तपासून घ्या. आधी शोरूमला आणि कंपनीला लेखी पत्र द्या. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला तिथली फी २०० रुपये आहे, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. ज्यांची गाडी अजून यायची आहे त्यांनी पूर्ण पैसे भरण्याआधी चॅसी नंबर आणि उत्पादनाचा महिना लिहून घ्यावा. गाडी बघायला दिवसाउजेडी जावं, मुहूर्ताच्या गर्दीत नको.

तुमच्या पत्राला शोरूमचं जे उत्तर येईल, त्याची एक प्रत मला पाठवा.