वड्यांऐवजी बिस्किटे

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : "ताई, डोंबिवलीत आमच्या सोसायटीत अकरा जणींचे वाचन मंडळ आहे आणि मी ते सहा वर्षे चालवते. यंदा आम्ही जेन ऑस्टेनची 'एमा' वाचली. मला एमा मनापासून आवडते. माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण मात्र म्हणते की एमा गर्विष्ठ आहे, आणि लेखिका ते कुठेही उघड सांगत नाही म्हणून मला दिसत नाही. वाद इतका विकोपाला गेला की आता आमच्यात अबोला आहे. चहाच्या वेळीही (हल्ली नुसती बिस्किटे असतात, कारण खोबऱ्याच्या वड्या आणणाऱ्या निवृत्त शिक्षिका येत नाहीत; त्यांची कॅसेट थांबतच नसे, म्हणून मी एकदा सगळ्यांसमोर गमतीने म्हटले, 'बाई, ही बाजू संपली, दुसरी पुढच्या महिन्यात ऐकू', तेव्हापासून त्या आल्या नाहीत) आम्ही दोघी दोन टोकांना बसतो. अशा कादंबरीत माणसांचे स्वभाव नेमके कसे उलगडतात, हे तुम्ही लिहिलेत तर मैत्रिणीला पटवता येईल."

उत्तर :

तुमच्या पत्राची साडेतीन पाने मैत्रिणीविषयी आहेत आणि त्या शिक्षिकांच्या वाट्याला एक कंस आला आहे. मी त्या कंसाला उत्तर देणार आहे. मैत्रिणीची मला काळजी वाटत नाही. तुम्ही दोघी तोलामोलाच्या आहात, दोघींनाही आवाज चढवता येतो, आणि वीस वर्षांच्या मैत्रीतला अबोला कुणाच्या तरी घरच्या हळदीकुंकवापर्यंत टिकला तरी पुष्कळ. त्या बाईंनी अबोला धरलेलाच नाही. त्या नुसत्या यायच्या थांबल्या आहेत, आणि अशा थांबलेल्या माणसाला परत आणायला कुणीतरी उठून त्यांच्या दारी जावे लागते.

आधी तुमचा प्रश्न. 'एमा' १८१५ च्या डिसेंबरमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. माझ्याखेरीज फारशी कुणाला आवडणार नाही अशी नायिका मी घेते आहे, असे जेन ऑस्टेन म्हणाल्याचे तिच्या पुतण्याने लिहून ठेवले आहे. एमाचा दोष कुठेही उघड सांगितलेला नाही, हे तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे चूक आहे. पहिल्याच प्रकरणात लेखिका सांगते की मनासारखे करायला एमाला जरा जास्तच मोकळीक होती आणि स्वतःविषयी तिचे मत जरा जास्तच चांगले होते. तरीही आपण ते विसरतो, कारण त्यापुढे निवेदन जवळजवळ सतत एमाच्या मनातून चालते. तिला जो माणूस रुबाबदार वाटतो तो आपल्यालाही वाटतो आणि तिला ज्याचा कंटाळा येतो त्याची पाने आपणही भराभर उलटतो.

त्या पानांत सर्वांत जास्त बोलणारी मिस बेट्स आहे. दिवंगत धर्मगुरूची अविवाहित मुलगी, म्हाताऱ्या आईबरोबर दुसऱ्याच्या घरातल्या एका मजल्यावर राहणारी, उत्पन्न तुटपुंजे आणि तोंड अखंड चालू. तिची बडबड एमा ऐकत नाही, म्हणून आपणही ऐकत नाही, आणि लेखिकेने अर्धी कादंबरी नेमकी तिथे ठेवली आहे. एमाचा जुना शेजारी आणि मनातून तिच्यावर प्रेम करणारा मिस्टर नाइट्ली कसा माणूस आहे हे आपल्याला मिस बेट्सकडून कळते: त्याने साठ्यातली उरलीसुरली सफरचंदे तिच्याकडे पाठवून दिली, आणि आता मालकांना वसंतात सफरचंदाचा एकही टार्ट मिळणार नाही म्हणून त्याची घर सांभाळणारी बाई नाराज झाली. स्वतः नाइट्ली याबद्दल कुणापाशी अवाक्षरही काढत नाही. पुढे तो घोड्यावरून खालून जात असताना ती खिडकीतून त्याला वर बोलावते. 'पाच मिनिटे येतो' असे तो म्हणतो, पण एमाशी सलगी करणारा तरुण फ्रँक चर्चिलही वर आहे हे कळताच दोन मिनिटेही थांबता येणार नाही असे सांगून निघून जातो. त्याच्या मनात काय चालले आहे हे लेखिकेने एका शब्दानेही सांगितलेले नाही, पण पाचाची दोन झाली यात सारे आले.

त्याच खोलीतले दुसरे दृश्य पाहा. एमा आत येते तेव्हा म्हाताऱ्या मिसेस बेट्स शेकोटीजवळ डुलक्या घेत आहेत, फ्रँक चर्चिल त्यांच्या चष्म्याचा निखळलेला खिळा बसवण्यात गढलेला आहे, आणि मिस बेट्सची भाची जेन फेअरफॅक्स सर्वांकडे पाठ करून पियानोशी उभी आहे. चष्म्याचा खिळा निघाला होता हे मिस बेट्सने आधीच सविस्तर सांगितले होते. जो लक्ष देऊन ऐकतो त्याला प्रश्न पडतो की एका खिळ्याला इतका वेळ का लागावा आणि जेनने पाठ का फिरवावी. त्या दोघांचे लग्न गुपचूप ठरलेले आहे, हे एमाला फार उशिरा कळते.

आता बॉक्स हिलकडे येते. सरे परगण्यातल्या त्या टेकडीवर सगळे सहलीला गेले आहेत, ऊन आहे, कुणाचे मन लागत नाही. फ्रँक खेळ काढतो : प्रत्येकाने एक अतिशय चतुर गोष्ट सांगावी, नाहीतर दोन बऱ्यापैकी, नाहीतर तीन अगदी रटाळ. मिस बेट्स भाबडेपणाने म्हणते की मग मला काळजी नाही, तोंड उघडले की तीन रटाळ गोष्टी मी सांगेनच. आणि एमा म्हणते की अडचण एवढीच आहे, बाई, की तुम्हाला संख्येचे बंधन पडेल, एका वेळी तीनच. मिस बेट्सला ते लगेच उमगत नाही. उमगते तेव्हा तिचा चेहरा किंचित लाल होतो, आणि ती नाइट्लीकडे वळून म्हणते की मी जीभ आवरायचा प्रयत्न करीन, मी फारच नकोशी होत असणार, नाहीतर जुन्या मैत्रिणीला ती असे बोलली नसती.

हे पान तुम्ही वाचले, त्यावर चर्चा घडवून आणली, आणि 'ही बाजू संपली' हे स्वतःचे वाक्य त्याच पत्रात कंसात लिहून पुढे गेलात! मला याचा राग आला, आणि तो लपवावासा वाटत नाही. तुम्ही दुष्ट आहात असे मी म्हणत नाही. एमाही दुष्ट नव्हती. पण मंडळ तुमचे, हशा तुमच्या बाजूचा, आणि समोर सेवानिवृत्त बाई, ज्यांना आपले ऐकून घेणारे कुणी कदाचित महिन्यातून एकदाच भेटत असेल. नाइट्ली एमाला हेच सुनावतो : मिस बेट्स श्रीमंत असती, तुझ्या बरोबरीची असती, तर मी तुझ्याशी वाद घातला नसता, ती गरीब आहे, आणि ज्या सुखात जन्मली त्यातून खाली आली आहे. त्या बाई गरीब नसतीलही, पण एकटेपण हीदेखील गरिबीच आहे. जी बाई दर महिन्याला नारळ खवून, पाक जमेपर्यंत उभी राहून अकरा जणींसाठी वड्या थापते, ती नुसती पुस्तकासाठी येत नसते, हे तुम्हाला कळायला हवे होते.

एमा घरी परतताना वाटभर रडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस बेट्सच्या घरी जाते. तिथे तिचे स्वागत होते, पण नेहमीची भरभरून बडबड त्या दिवशी तशी नसते, आणि 'तुम्ही नेहमीच किती चांगल्या' हे मिस बेट्सचे शब्द एमाला ऐकवत नाहीत. मला एमा आवडते ती या सकाळसाठी. तुम्हालाही ती खरोखर आवडत असेल, तर उद्या सकाळी त्या बाईंकडे जा. फोन करू नका, मंडळाच्या ग्रुपवर काही लिहू नका, सोबत कुणाला घेऊ नका. 'मी गंमत केली होती' हे वाक्य दारातही उच्चारू नका, कारण त्याने चूक त्यांच्या पदरात पडते. 'बाई, मी सगळ्यांसमोर तुमचा अपमान केला, माझे चुकले' एवढे म्हणा आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यांच्या आवडीचे पान त्यांनीच वाचून दाखवावे अशी विनंती करा. त्या 'छे, छे, मनातही नाही' म्हणतील. ते खरे मानून लगेच उठू नका. बसा, चहा घ्या, आणि त्या बोलू लागल्या तर घड्याळाकडे पाहू नका.