सदाफुलीचे औषध बाटलीत तयार होईल का?

प्रश्न : आमच्या भागात टिश्यू कल्चरची केळीची रोपे आता सर्रास लावली जातात. त्याच पद्धतीने सदाफुली, नरक्या यांसारख्या वनस्पतींतील कर्करोगावरचे द्रव्य थेट प्रयोगशाळेत तयार करता येईल का? तसे झाले तर सह्याद्रीतील नरक्याची तोड थांबेल का?
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : केळीचेच उदाहरण घेऊ, कारण नेमका फरक तिथेच आहे. केळीच्या कोंबापासून बाटलीत रोपे वाढवतात तेव्हा अखेर अख्खे झाडच हवे असते आणि घड ते शेतातच देते. तुम्ही विचारता त्या कामात झाड नकोच असते. नुसत्या पेशी वाढवून त्यांच्याकडून औषधी द्रव्य करून घ्यायचे असते.

पेशी वाढवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. सदाफुलीच्या कोवळ्या पानाचा नखाएवढा निर्जंतुक तुकडा साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि संप्रेरके घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) ठेवला, की काही आठवड्यांत त्याच्या कापलेल्या कडा फुगतात आणि तिथे खव्यासारखा फिकट, भुसभुशीत गोळा धरतो. याला कॅलस म्हणतात. तो द्रव माध्यमात घालून सतत हलवत ठेवला की पेशी सुट्या होऊन वाढू लागतात. मात्र या माध्यमात लीटरला साधारण ३० ग्रॅम साखर असते आणि बुरशीलाही ती तितकीच मानवते. म्हणून माध्यम १२१ अंश सेल्सिअस तापमानाला वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करावे लागते, आणि एवढे करूनही बुरशी शिरलीच तर ती बाटली टाकून देण्यावाचून गत्यंतर नसते.

खरी अडचण याच्या पुढे आहे. सदाफुलीतील विनब्लास्टिन हे कर्करोगावरचे द्रव्य कॅथरँथिन आणि विंडोलिन अशा दोन द्रव्यांच्या जोडणीतून बनते. पानात या द्रव्यांच्या घडणीचे टप्पे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींमध्ये वाटलेले असतात. एका पेशीत अर्धवट तयार झालेले द्रव्य दुसरीत जाऊन पुरे होते. कॅलसच्या पेशी सगळ्या सारख्याच, त्यांच्यात ही वाटणी नसते. त्यामुळे त्यांच्याकडून कॅथरँथिन मिळते, पण विंडोलिन जवळजवळ मिळतच नाही. एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या एका अडथळ्यावर संशोधकांनी इतकी वर्षे का घालवली ते कळते. २०२२ साली जनुके घालून बदललेल्या यीस्टकडून ही दोन्ही द्रव्ये मिळवून त्यांची जोडणी प्रयोगशाळेत करण्यात आली; म्हणजे तोडगा निघाला तोही सदाफुलीच्या पेशीबाहेर.

(सदाफुलीची पाने मधुमेहावर रोज चावून खाणारे अनेक जण आहेत. त्याच पानातील विनब्लास्टिन रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला मारक आहे, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग कृपया करू नये.)

जिथे एकाच प्रकारची पेशी सगळे काम करू शकते, तिथे मात्र ही पद्धत उत्तम चालली आहे. जपानमध्ये शिकोनिन हे लाल रंगद्रव्य १९८०च्या दशकातच टाकीतील पेशींपासून व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले. यू वृक्षाच्या सालीतील पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषधही आज मोठमोठ्या टाक्यांमध्ये वाढवलेल्या पेशींपासून मिळवतात. त्या पेशींना मिथाइल जॅस्मोनेट दिले, म्हणजे कीड लागल्याचा इशाराच दिला, की त्या हे द्रव्य अधिक बनवतात. हा रेणू मुळात चमेलीच्या सुगंधी तेलात सापडला होता.

आता नरक्या. यातील कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरचे द्रव्य १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केले. वाणी हे मूळचे नंदुरबारचे, म्हणजे तुमच्याच खानदेशातले. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले आणि तेव्हापासून या झाडाचे दुर्दैव सुरू झाले. हे द्रव्य खोडात आणि मुळांत भरपूर असल्याने तोडणारे झाडच संपवतात. त्याच्या पेशी बाटलीत वाढतात, पण त्यांत कॅम्प्टोथेसिन मूळ झाडाच्या मानाने फारच कमी उतरते. त्यामुळे टाकीतील पेशींच्या भरवशावर तोड थांबेल, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

तरीही टिश्यू कल्चर इथे निरुपयोगी नाही. नरक्याच्या झाडाझाडांत या द्रव्याचे प्रमाण बरेच वेगळे असते. भरपूर द्रव्य असलेली झाडे हेरून, केळीसारखीच त्यांची हुबेहूब रोपे तयार करून ती लागवडीखाली आणता येतात. जंगलातले झाड न तोडता खरेदीदाराला माल मिळण्याचा मला दिसणारा जवळचा मार्ग हाच आहे.