वाचकांचे प्रश्न: बारा गाणी आणि मधली तीस वर्षं

प्रश्न: नमस्कार. अमेरिकी लोकसंगीतावरच्या तुमच्या एका उत्तरात डॉक बॉग्ज हे नाव आलं होतं, म्हणून शोधून ऐकलं. खरं सांगू? कानाला बोचलं. आवाज नाकातला, बँजो कोरडा. त्यात कळलं की या गृहस्थांनी तरुणपणी मोजून बारा गाणी रेकॉर्ड केली आणि मग जवळपास तीस वर्षं बँजो बाजूला ठेवला. मग एवढं कौतुक कशाचं? यांना कलावंत म्हणायचं की हौशी वादक?

उत्तर: खाणकामगार म्हणा. ते स्वतः नाही म्हणाले नसते.

बोचलं हे बरं झालं. पहिल्या खेपेला गोड वाटलं असतं तर मला शंका आली असती. आधी मिरवणुकीतला पट्ट्यांचा बँजो डोक्यातून काढून टाका. हा बँजो वेगळा: कडीवर ताणलेलं कातडं, लांब मान, चार लांब तारा आणि अंगठ्याने छेडायची एक आखूड पाचवी. सतारीत चिकारी करते ते काम ही तार करते. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी हे वाद्य अमेरिका खंडात घडवलं, आणि पुढे ते डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या हाती गेलं.

तिथले पुष्कळ वादक नखाने वरून खाली फटका मारत. बॉग्ज दोन बोटांनी तारा वर खेचायचे, जोडीला अंगठा. गळ्यातून निघणारा सूरच बँजोवर एकेक करून काढायचे, खाली भरणा काही नाही. तुम्हाला जाणवलेला कोरडेपणा तो हाच. पोरवयात रेल्वेच्या रुळांवरून जाणाऱ्या एका कृष्णवर्णीय गिटारवाल्याच्या मागे मागे ते चालत, एखादं गाणं वाजवून दाखव म्हणत. पुढे ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची दुखरी गाणी गाणाऱ्या गायिकांच्या रेकॉर्डवरूनही गाणी उचलली. पियानोच्या साथीवर गायलेली गाणी पाच तारांवर बसवायची म्हणजे काय, ते एकदा करून बघावं!

जन्म १८९८चा, व्हर्जिनियातल्या नॉर्टनजवळ. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास कोळशाच्या खाणीत कामाला लागले. १९२७ साली ब्रन्सविक या रेकॉर्ड कंपनीची माणसं नॉर्टनच्या हॉटेलात गवई पारखायला आली, तेव्हा बॉग्ज उसन्या बँजोवर वाजवून निवडले गेले. न्यूयॉर्कला जाऊन आठ गाणी केली. १९२९मध्ये ‘लोनसम एस’ या छोट्या कंपनीसाठी आणखी चार. हिशेब संपला. त्याच वर्षी मंदी आली, रेकॉर्ड विकत घेणाराच उरला नाही आणि ती कंपनीही बुडाली.

यापुढची तीस वर्षं लोक फार रंगवून सांगतात: हरवलेला कलावंत, मग सापडलेला कलावंत. मला याचा कंटाळा आहे. बॉग्ज हरवले नव्हते, कामावर जात होते. घरी पत्नी धार्मिक वृत्तीची. तिला हे वाजवणं पसंत नव्हतं, आणि तिचं अगदीच चुकत होतं असंही नाही. जिथे बँजो वाजे तिथे चोरटी दारू असे, मारामाऱ्या असत, आणि अशी दारू गाळण्यात खुद्द बॉग्ज यांचाही हात होता. गाण्यावर पोट भरेना, घरात शांतता नाही. बँजो एका मित्राकडे गहाण पडला आणि हे खाणीत राहिले, ते १९५४पर्यंत.

दरम्यान त्या बारापैकी दोन गाणी जुन्या रेकॉर्डचे संग्राहक हॅरी स्मिथ यांनी १९५२च्या आपल्या ८४ जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संचात घेतली. शहरातली तरुण पोरं ती ऐकून वेडी झाली. त्यांना वाटायचं हा गायक केव्हाच गेला असणार. १९६३मध्ये लोकसंगीताचे गायक आणि संग्राहक माइक सीगर नॉर्टनला पोचले तर बॉग्ज तिथेच होते, आणि बँजोही नुकताच परत आणलेला. त्याच उन्हाळ्यात ते ॲशव्हिल आणि न्यूपोर्टच्या महोत्सवांत गायले, फोकवेज या रेकॉर्ड कंपनीसाठी नव्याने रेकॉर्डिंग झालं. १९७१ साली, ७३व्या वाढदिवशीच ते गेले.

कौतुक कशाचं, ते त्यांचं ‘प्रिटी पॉली’ हे गाणं दोन्ही वेळचं लागोपाठ ऐका म्हणजे कळेल. १९२७च्या गाण्यात घाई आहे, धार आहे. १९६३नंतरचा आवाज थकलेला, पण शब्द नीट तोलून टाकलेला. मला नंतरचं अधिक आवडतं. जाणकार मंडळी यावर माझ्याशी भांडतात, भांडू देत.

प्रश्न: बँजो शिकतोय. सुरुवात बॉग्ज यांच्या गाण्यांनी करू का?

उत्तर: नको. ते गाण्यागणिक तारा वेगळ्या लावत, नवशिक्याचा निम्मा वेळ खुंट्या पिळण्यातच जाईल. आधी नखाचा फटका आणि पाचव्या तारेवरचा अंगठा लयीत बसू द्या. बॉग्ज यांचं ‘शुगर बेबी’ त्यानंतर, आणि तेही संथ.