टोकियोत एकच मनोरा पाहायचा तर कोणता?

प्रश्न : आम्ही उभयता जानेवारीत लेकीकडे टोकियोला चाललो आहोत. ती निशिकासाईला राहते. जावई म्हणतात, स्कायट्रीची तिकिटं आत्ताच काढून ठेवतो. लेकीच्या मते टोकियो टॉवर जास्त देखणा. मुलांना दोन्हीकडचा खर्च पडू नये असं मला वाटतं. ह्यांचे गुडघे दुखतात, त्यात भूकंपाची धास्ती. मला मात्र वरून फुजी पर्वत पाहायचाय. एकच मनोरा करायचा तर कोणता?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जानेवारीत येताय हे फार चांगलं केलंत. फुजीसाठी याहून चांगला महिना नाही. तो टोकियोपासून साधारण 100 किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात हवा इतकी दमट असते की 3776 मीटरचा हा डोंगर दिवसच्या दिवस दिसत नाही. थंडीत वायव्येकडून येणारे वारे अंगातलं पाणी जपानी समुद्राकडच्या डोंगरांवर बर्फ म्हणून टाकून येतात आणि टोकियोच्या वाट्याला कोरडी, लख्ख हवा येते. सकाळी बर्फाचा पांढरा माथा स्वच्छ दिसतो, दुपारी धूसर होतो आणि सूर्य मावळताना त्याची गडद आकृती पुन्हा उठून दिसते. जानेवारीत पावणेपाचच्या आसपास सूर्य बुडतो, हे लक्षात ठेवा.

म्हणून जावईबापूंना सांगा, तिकिटं आत्ता काढू नका. आगाऊ तिकीट थोडं स्वस्त पडतं हे खरं, पण तारखेला बांधून घेतलं आणि नेमकं त्या दिवशी आभाळ आलं तर काचेबाहेर नुसतं करडं दिसतं. तुम्ही मुक्कामाला येताय, तेव्हा दिवस निवडायची मोकळीक तुमच्याकडे आहे. सकाळी निशिकासाईहून आराकावा नदीच्या बंधाऱ्यावर फेरी मारा. तिथून पश्चिमेला फुजी दिसला की त्याच दिवशी वर जायचं. जोराचा वारा असेल तर स्कायट्रीच्या लिफ्ट बंद ठेवतात, तेवढं निघण्याआधी लेकीला पाहायला सांगा.

आता कुठे जायचं ते सांगते. तुमच्या यादीत नसलेली जागा मी पहिली सुचवेन : फुनाबोरीचा टॉवर हॉल. निशिकासाईहून बस आहे आणि फुनाबोरी स्टेशनच्या अगदी समोर ही इमारत आहे. मनोरा 115 मीटरचा, शहर पाहायचं निरीक्षण दालन साधारण 103 मीटरवर, लिफ्ट थेट वर जाते आणि पैसे पडत नाहीत. मी इथे राहायला आल्यापासून भारतातून येणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना आधी इथेच नेते. याचं कारण उंची. 450 मीटरवरून घरं सपाट होतात, माणूस दिसतच नाही. शंभर मीटरवरून बाल्कनीच्या कठड्यावर उन्हात टाकलेल्या गाद्या दिसतात, नदीकाठच्या मैदानावर बेसबॉल खेळणारी पोरं दिसतात, पुलावरून जाणारी तोझाई लाइनची गाडी दिसते. ती गाडी नदी ओलांडून जिथे थांबते ते निशिकासाई. लेकीचं घर कुठे, ती रोज कोणत्या पुलावरून कामाला जाते, हे तुम्ही बोट दाखवून एकमेकांना सांगू शकता. परदेशी राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना शहराचा देखावा हवा असतोच, पण त्याहून जास्त हे हवं असतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तिथे उभ्या असताना आराकावाकडे नीट पाहा. नदीचं हे रुंद पात्र माणसांनी खोदलेलं आहे. 1910 च्या महापुरात टोकियोचा पूर्व भाग बुडाला, त्यानंतर सुमारे 22 किलोमीटरचा नवा प्रवाह खणायला घेतला आणि ते काम 1930 मध्ये पुरं झालं. लेक राहते त्या एदोगावा वॉर्डाची जवळपास 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. दोन्ही काठांचे बंधारे एवढे उंच का, ते वरून एका नजरेत कळतं. कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीच्या माणसाला हे मी वेगळं समजावायला नको. (जाता जाता : आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावाच्या वॉर्ड सभागृहावर निवडून आले होते.)

फुजीसाठी शिंजुकूचं टोक्यो महानगर शासनाचं मुख्यालय. इथले लोक त्याला ‘तोचो’ म्हणतात. केंझो तांगे या वास्तुविशारदाची ही जुळ्या शिखरांची 243 मीटर उंच इमारत. पंचेचाळिसाव्या मजल्यावर, 202 मीटरवर निरीक्षण दालन आहे आणि तेही फुकट. खाली पिशव्या तपासतात, मग वेगळ्या लिफ्टने वर नेतात. फुनाबोरीहून तोएइ शिंजुकू लाइन सरळ शिंजुकूला जाते. तिथे उतरून चालत जाऊ नका, ह्यांच्या गुडघ्यांना ते अंतर जड जाईल. ओएदो लाइनने एकच स्टेशन पुढे ‘तोचोमाए’ला उतरा, म्हणजे इमारतीच्या पायाशीच बाहेर पडता. साडेतीनला वर पोचा, पश्चिमेची खिडकी धरा आणि दिवे लागेपर्यंत हलू नका. दक्षिणेकडच्या शिखरातल्या दालनात यायोई कुसामा यांनी पिवळ्यावर काळे ठिपके रंगवलेला पियानो आहे, तो कुणालाही वाजवता येतो. मागे कुणीतरी वाजवत असतं आणि समोर फुजीमागे आभाळ लाल होत जातं, तो अर्धा तास मला टोकियोतला सगळ्यात आवडता आहे.

पैसे मोजून एकच करायचा तर माझं मत स्कायट्रीला. लेक ज्या पूर्व टोकियोत राहते, त्याच भागात तो उभा आहे. 22 मे 2012 ला खुला झालेला हा 634 मीटरचा मनोरा जगातला सर्वांत उंच. 350 मीटरपर्यंतचंच तिकीट घ्या, लिफ्ट साधारण 50 सेकंदांत नेते, कानात दडे बसतात तेव्हा आवंढा गिळायचा. 450 मीटरच्या वरच्या टप्प्याचे जादा पैसे खर्चू नका, शंभर मीटरने दृश्यात फारसा फरक पडत नाही. 340 मीटरच्या मजल्यावर पायाखाली काच आहे, ती चुकवता येते. सकाळी जा, कारण तेव्हा सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पश्चिमेचं सगळं शहर उजळलेलं दिसतं.

टोकियो टॉवरबाबत लेकीचं म्हणणं मला पटतं, तो देखणाच आहे. 1958 चा, 333 मीटरचा, नारिंगी-पांढरा. पण त्यावर चढलात की तोच दिसेनासा होतो. संध्याकाळी झोजोजी देवळाच्या आवारातून, जुन्या छपरामागे दिवे लागलेला पाहा, त्याला तिकीट नाही.

आता ह्यांची धास्ती. ती अनाठायी नाही. असाकुसात 1890 मध्ये र्योउन्काकू नावाचा बारा मजली मनोरा उभा राहिला होता, जपानातली पहिली विजेची लिफ्ट त्यात होती. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपात तो आठव्या मजल्याशी मोडला आणि नंतर पाडून टाकावा लागला. त्या धड्यावर पुढच्या पिढ्यांनी खूप काम केलं. स्कायट्रीच्या मधोमध 375 मीटर उंचीचा काँक्रीटचा स्तंभ आहे. त्याचा बराचसा भाग बाहेरच्या पोलादी सांगाड्याला घट्ट जखडलेला नाही, धक्का शोषणाऱ्या तेलाच्या दट्ट्यांनी जोडलेला आहे. सांगाडा एका लयीत हलतो, स्तंभ दुसऱ्या, त्यामुळे हिसका कमी होतो. पाच मजली लाकडी पॅगोड्यांतही मधे असाच खांब असतो. 11 मार्च 2011 ला मोठा भूकंप झाला तेव्हा स्कायट्रीचं बांधकाम जवळजवळ पूर्ण उंचीला पोचलं होतं आणि तो तगला. टोकियो टॉवरचं अँटेनाचं टोक मात्र वाकलं होतं. वर असताना जमीन हलली तर लिफ्ट थांबतात, कर्मचारी सूचना देतात, तिथेच खाली बसून राहायचं. एवढं ह्यांना वाचून दाखवा. तरीही मन घेत नसेल तर आग्रह करू नका, फुनाबोरीला दोघं मिळून जा आणि स्कायट्रीला लेकीबरोबर तुम्ही जा.

प्रश्न : रात्री काचेतून फोटो काढला की शहराऐवजी आपलंच तोंड उमटतं. काय करावं?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : फ्लॅश बंद करा, गडद रंगाचा कोट घाला आणि फोनचं भिंग काचेला टेकवा. भोवती मफलर धरला की मागच्या दिव्यांचा उजेड अडतो. तिपाई बहुतेक ठिकाणी लावू देत नाहीत. बंदिस्त काचेमागे उभं राहायचं नसेल तर 2019 मध्ये सुरू झालेलं शिबुया स्काय पाहा. तिथे 229 मीटरवर उघडी गच्ची आहे. टोपी, पिशवी लॉकरमध्ये ठेवावी लागते, कारण वाऱ्याने काही उडालं तर थेट खालच्या चौकात जाईल. सूर्यास्ताच्या वेळेची तिकिटं सगळ्यांत आधी संपतात. तिथे रात्रीचे फोटोच काढायचे असतील तर अंधार पडल्यानंतरची वेळ घ्या, ती मिळणं सोपं जातं.