इटालियनमध्ये ‘माई’ म्हणजे ‘कधीच नाही’, मग रोमानियनमध्ये त्याच ‘माई’चा अर्थ ‘जास्त’ कसा?

दोन्ही ‘माई’ एकाच लॅटिन शब्दातून आलेत: ‘मागिस’, म्हणजे अधिक. फ्रेंचमधला ‘मे’ (पण), स्पॅनिशमधला ‘मास’ (जास्त), पोर्तुगीजमधले ‘माइश’ (जास्त) आणि ‘मश’ (पण) हेही त्याच घरातले.

‘जास्त’चं ‘पण’ झालं ते ‘हे नव्हे, त्यापेक्षा ते’ अशा वाक्यांतून. आपला ‘पण’ही ‘पुनः’वरून आला आणि आज ‘मी पण येतो’ आणि ‘येतो, पण उशिरा’ अशी दोन्ही कामं करतो.

इटालियन ‘माई’ मुळात नकारार्थी नाही, आणि नेमकी इथेच चूक होते. नकार ‘नोन’मध्ये आहे: ‘नोन फूमो माई’, मी कधीच सिगारेट ओढत नाही. ‘यापुढे नाही’वरून ‘कधीच नाही’ झालं. प्रश्नात मात्र ‘माई’ म्हणजे नुसतं ‘कधी’: ‘सेई माई स्तातो आ रोमा?’, कधी रोमला गेलायस का? एकट्याने उत्तर म्हणून आला, तर ‘कधीच नाही’. ‘जास्त’साठी इटालियनने ‘प्यू’ घेतला, तो लॅटिन ‘प्लुस’पासून.

रोमानियनने जुना अर्थ नीट जपलाय. ‘मारे’ मोठा, ‘माई मारे’ त्याहून मोठा, ‘चेल माई मारे’ सगळ्यांत मोठा. क्रियापदाला लागला की ‘आणखी, अजून, पुन्हा’ असे अर्थ येतात. ‘नु माई व्रेआउ’ म्हणजे आता नको. ‘आम माई फोस्त आइच’ म्हणजे मी इथे आधीही आलोय. जागा पाहा: साहाय्यक ‘आम’ आणि ‘फोस्त’ यांच्या मधोमध. इटालियन आधी शिकलेल्यांना ‘नु’ (नाही) आणि ‘माई’ एकत्र दिसले की हमखास ‘कधीच नाही’ वाटतं. रोमानियनमध्ये त्यासाठी ‘निचोदाता’ आहे.

स्पॅनिशमध्ये ‘मास’ लिहिताना a या अक्षरावर तिरकी रेघ असेल (más) तर ‘जास्त’, नसेल (mas) तर ‘पण’. हा ‘पण’ पुस्तकी. बोलताना ‘पेरो’च म्हणतात.

पोर्तुगीजमध्ये खरी अडचण ब्राझीलची. तिथे पुष्कळ जण ‘पण’लाही ‘माइस’ (‘माइश’चा तिथला उच्चार) म्हणतात, त्यामुळे दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात आणि तिथली मुलंसुद्धा लिहिताना चुकतात. शाळेतली युक्ती पक्की आहे: त्या जागी ‘पोरें’ (परंतु) बसला तर मधल्या ‘आय’शिवाय (mas) लिहा, ‘मेनुस’ (कमी) बसला तर ‘आय’ घालून (mais).